अडीच सेंटिमीटर

खोक्यात चाळीस बिल्ले होते, दोऱ्यांसकट. दीड मीटरची एक कापडी टेप होती, सुरुवातीचं टोक झिजलेलं. हजेरीची वही एक, चोवीस पानं भरलेली. तपासलेल्या उत्तरपत्रिका अठ्ठ्याहत्तर, एकोणचाळीसचे दोन गठ्ठे, दोन्हींना रबर लावलेलं. त्यातलं एक रबर हात लावताच तुटलं. शिवाय एक खाकी पाकीट, त्यात न तपासलेल्या उत्तरपत्रिका दोन. मी सगळं दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा मोजायची गरज नव्हती. पाकिटात किती आहेत हे मला गेली दोन वर्षं न मोजताच माहीत आहे.

खोकं काढायचं तसं काही कारण नव्हतं. आज सकाळी नोकरीतली वार्षिक तपासणी होती. मी जिथे काम करते तिथे दुकानांचे तराजू आणि वजनं येतात, आणि ती खरी आहेत की नाहीत हे आम्ही ठरवतो. पण वर्षातून एकदा आम्हालाही रांगेत उभं करून कोणीतरी मोजतं. नर्सबाईंनी मला भिंतीला टेकवून उभं केलं, डोक्यावर पट्टी ठेवली आणि म्हणाल्या, "एकशे अठ्ठावन्न पूर्णांक सहा." मग मागचा कागद पाहून त्या थांबल्या. "इथे तर एकशे साठ लिहिलंय. काय हो मॅडम, वर्षभरात आटलात की काय?" मी हसले. म्हटलं, मागच्या वेळी मोजणाऱ्याची चूक झाली असेल. "आमच्या हातून दीड सेंटिमीटरची चूक?" त्या खऱ्याखुऱ्या दुखावल्या. "वीस वर्षं हेच करतेय मी. त्या दिवशी तुमच्या जागी दुसरंच कोणी उभं राहिलं नव्हतं ना?" त्या गंमतच करत होत्या. मागे रांगेतलं कोणीतरी हसलं. मी चपला घालायला खाली वाकले आणि पट्टा लावायचं विसरून तशीच वाकून राहिले. नर्सबाईंनी विचारलं, चक्कर येतेय का? मी नाही म्हटलं. ते खरं होतं. चक्कर नव्हती. डोळ्यांसमोर फक्त एक भिंत होती, पिवळट, तिच्यावर पेन्सिलीच्या बारीक रेघा, आणि रेघांखाली मुलांच्या डोक्याच्या तेलाचे डाग.

ती भिंत विद्यापीठाच्या जुन्या जिमखान्यातली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथे आम्ही शिबिर घ्यायचो, आम्ही म्हणजे शेवटच्या वर्षाची अकरा मुलंमुली. नदीपलीकडच्या वस्तीतल्या, दहा ते तेरा वयाच्या मुलांसाठी. चार आठवडे, रविवार सोडून रोज सकाळी. पहिल्या आठवड्यात लांबी, दुसऱ्यात वजन, तिसऱ्यात वेळ आणि चुका, चौथ्यात सावल्या: झाडावर न चढता झाडाची उंची कशी काढायची, वगैरे. अभ्यासक्रम माझा होता. शिबिराचा प्रमुख आमचाच वर्गमित्र, गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याला सगळे कॅप्टन म्हणायचे. मला मुलं टेपताई म्हणायची. बाबांच्या दुकानातली जुनी टेप माझ्या गळ्यात असायची, आणि मी दर सोमवारी आणि गुरुवारी चाळीसही जणांची उंची मोजायचे. वाढ बघायला नव्हे; चार आठवड्यांत कोण वाढतं? एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मोजली तरी आकडा थोडा हलतो, हे त्यांना दाखवायला.

विभागाच्या मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, "दरवर्षी कोणीतरी शिबिर घेतं, फोटो काढतं, मुलं गोड होती म्हणतं. मुलं गोडच असतात. काही शिकली का, ते दाखव मला. दाखवलंस तर विद्यापीठ हे कायमचं चालू ठेवेल. नाहीतर हे शेवटचं." अर्ज ऐंशी आले होते, जागा चाळीस. म्हणजे चाळीस जणांना नाही म्हणायचंच होतं. मी मॅडमना म्हटलं, मग चिठ्ठ्या टाकू. चाळीस येतील, चाळीस येणार नाहीत, शेवटी ऐंशी जणांची एकच परीक्षा घेऊ, जो फरक पडेल तो शिबिराचा. मॅडमनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहण्यासाठी चष्मा काढला असं तीन वर्षांत पहिल्यांदाच झालं होतं. त्या दिवशी मी घरी चालत गेले, बसने नाही. अंगात काहीतरी मावत नव्हतं.

चिठ्ठ्या मी स्वतः केल्या, एक ते ऐंशी, सगळ्या एका मापाच्या, एका घडीच्या. बुटांच्या खोक्यात हलवल्या. त्यात खोट काढायला जागा नव्हती, असं मी दोन वर्षांपूर्वी शपथेवर सांगितलं असतं. मी मुलं मोजली होती. घरं मोजली नव्हती. सत्तावीस नंबरचा अर्ज पहिल्या दिवशी आला, अडुसष्ट नंबरचा शेवटच्या दिवशी, वेगळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात. आडनाव एकच, पण त्या आडनावाची यादीत सहा मुलं होती. सत्तावीसची चिठ्ठी निघाली. अडुसष्टची निघाली नाही.

सत्तावीस कशी दिसायची, हे आठवायचा प्रयत्न मी बऱ्याचदा केलाय. दोन वेण्या, कानाजवळ तीळ. की तीळ दुसरीला होता? मी चेहरे बघत नव्हते. ही माझी खोड नाही, बाबांची शिकवण आहे. बाबा शिंपी. मी लहानपणी दुकानात स्टुलावर बसून मापं लिहून घ्यायचे. ते आकडा बोलायचे, मी वहीत उतरवायचे. ते म्हणायचे, "माप घेताना गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघायचं नाही बाळ. तो पोट आत ओढतो, आपल्याला दया येते, हात सैल पडतो. टेपेकडे बघायचं." मी टेपेकडे बघायचे. शिबिरात चाळीस मुलं माझ्यासमोरून भिंतीला लागून गेली, दर आठवड्याला दोनदा, आणि मला त्यांच्या टाळूवरचे भोवरे माहीत होते.

सत्तावीसची उंची पहिल्या सोमवारी एकशे एकोणचाळीस. गुरुवारी एकशे छत्तीस पूर्णांक पाच. पुढच्या सोमवारी पुन्हा एकशे एकोणचाळीस, गुरुवारी पुन्हा साडेछत्तीस. तिसऱ्या सोमवारी एकशे एकोणचाळीस. त्या दिवशीचा धडा चुकांवरच होता, आणि मला उदाहरण आयतंच मिळालं. मी पाचही आकडे फळ्यावर लिहिले. म्हटलं, "सांगा बघू, माणूस गुरुवारी बुटका होतो आणि सोमवारी पुन्हा उंच, असं होतं का?"

एका मागच्या बाकावरच्या पोरानं हात वर केला. "ताई, ती बुधवारी धुतली जाते. आटते."

सगळा हॉल हसला. आणखी एक म्हणाली, "मग शनिवारी इस्त्री करतात तिला!" पुन्हा हसू. इतकं हसू की कॅप्टनला शिट्टी वाजवावी लागली. सत्तावीस मान खाली घालून बसली होती, बिल्ल्याची दोरी बोटाला गुंडाळत. मला वाटलं लाजली. मी म्हटलं, "यात तिची चूक नाही. चूक माझी. मोजणाऱ्याच्या हातून होते ती." आणि फळ्यावर लिहिलं: मोजण्यातली चूक. मुलं एकमेकांकडे बघत होती. आज वाटतं, त्या हॉलमध्ये हे ठाऊक नसलेली एकटी मीच होते. एकोणचाळीस मुलं मला सांभाळून घेत होती. तो धडा मला इतका आवडला की मी तो शेवटच्या परीक्षेतही घातला. आठवड्याला पाच प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, एकूण वीस प्रश्न, चाळीस गुण. त्यातला अकरावा: एका मुलीची उंची सोमवारी एकशे एकोणचाळीस भरली आणि गुरुवारी एकशे छत्तीस पूर्णांक पाच. असं का झालं असेल? बुधवारी प्रश्नपत्रिका छापूनही आल्या.

गुरुवारी सहावा आकडा मिळाला. साडेछत्तीस. संध्याकाळी मी ही गंमत बाबांना सांगितली. ते मशीनवर होते, काज करत होते. पाय न थांबवता त्यांनी विचारलं, "अडीच सेंटिमीटर म्हणजे किती?"

"साधारण एक इंच."

"एक इंच?" मशीन थांबलं. "अगं, एका इंचानं बाही मनगटाच्या वर चढते. एवढी चूक हातून झाली तर दुकान बंद करावं लागेल. आणि हात चुकला तर कधी इकडे चुकतो, कधी तिकडे. तुझा वार बघून चुकतो का?"

मी बोटांवर सोमवार, गुरुवार मोजले.

"दोन गिऱ्हाइकं आहेत तुझी," बाबा म्हणाले, आणि दोरा दातानं तोडला.

मला प्रथम काय वाटलं ते मी प्रामाणिकपणे लिहायला हवं. मला आनंद झाला. एखादं गणित सुटल्यावर होतो तसा, स्वच्छ. सहा आकड्यांचा अर्थ लागला होता. मग त्या आनंदाखालून दुसरं काहीतरी वर आलं, गार, आणि मी अर्जांवरचे पत्ते जुळवून लगेच त्याला नाव दिलं: अडुसष्ट. अडुसष्ट न येणाऱ्यांच्या गठ्ठ्यात होती. ती निम्मं शिबिर करून बसली होती, आणि सत्तावीसनं निम्मंच केलं होतं. ज्यांना दिलं आणि ज्यांना नाही दिलं, यांच्यामधली भिंत पडली होती. आणि माझ्या त्या सगळ्या मांडणीत ती भिंत तेवढी खरी होती. शुक्रवारी मी काहीतरी निमित्त काढून सत्तावीसला पुन्हा मोजलं. एकशे एकोणचाळीस. शनिवारी पुन्हा. साडेछत्तीस. शनिवारी मात्र मी टेप गुंडाळली आणि तोंडाकडे पाहिलं.

"तू धाकटी ना?"

तिनं मान हलवली. घाबरलेली नव्हती. उलट, सुटल्यासारखी दिसली. "ताई सोमवार, बुधवार, शुक्रवार. मी मंगळवार, गुरुवार, शनिवार."

"आणि उरलेल्या दिवशी?"

"तान्हं असतं ना घरात. आई पॅकिंगला जाते." मग, मला हिशेब कळला नसेल असं वाटून, तिनं सावकाश सांगितलं, "एकीनं घरी थांबायचं, एकीनं यायचं. आल्यावर सगळं सांगायचं. वाटून घेतलंय आम्ही."

"पण चिठ्ठी तिची निघाली होती. तुझी नाही."

"हो," ती म्हणाली. "म्हणून तर वाटून घेतलं."

मी एकुलती एक. माझ्या घरात पेरू चिरला तरी तो पूर्ण माझा असायचा. वाटून घेणं म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं असं नाही, पण ते मला भागाकारासारखं ठाऊक होतं.

कॅप्टनला बाहेर व्हरांड्यात गाठलं. त्याला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. "अगं टेप, त्यात काय एवढं? दोघींना घे आत. एक बाक जास्त."

"मग चाळीसचे एकेचाळीस होतील."

"होऊ देत! छप्पर पडणार आहे का?"

"आणि बाकीचे एकोणचाळीस? ज्यांच्या चिठ्ठ्या निघाल्या नाहीत? त्यांनी काय पाप केलंय? त्यांनी नियम पाळला, घरी बसले. त्यांना काय सांगू, तुम्ही पण गुपचूप यायला हवं होतं?"

याचं उत्तर मी दोन वर्षं शोधतेय. तो एवढंच म्हणाला, "तू बरोबर असशील. तू नेहमीच बरोबर असतेस. पण त्या पोरीला तूच सांग. मी नाही सांगणार."

मी सांगितलं. आवाज चढवला नाही, हेही तितकंच खरं. सोमवारपासून फक्त मोठीनं यायचं, रोज यायचं, जिची चिठ्ठी निघाली तिनं. शिबिर पुढच्या वर्षी राहायला हवं असेल तर हे असं करावंच लागेल, तुमच्यासारख्या कितीतरी मुलांचा प्रश्न आहे. ती ऐकत होती. माझं बोलून झाल्यावर तिनं बिल्ला काढला. दोरीला मध्येच एक गाठ मारलेली होती, दोरी आखूड करण्यासाठी. ती सोडवायचा तिनं प्रयत्न केला, नखानं, बराच वेळ, कारण सोमवारी मोठीला लागणार. गाठ सुटली नाही. "राहू दे, मी सोडवते," मी म्हटलं. तिनं बिल्ला माझ्या हातात ठेवला. तो गरम होता.

सोमवारी दोघींपैकी कोणीच आलं नाही. मंगळवारीही नाही. मैदानावर मुलं सावल्या मोजत होती, एकमेकांच्या सावल्यांवर उभी राहून भांडत होती. मी हजेरीत सत्तावीससमोर फुली मारली. मंगळवारी शिबिर सुटल्यावर कॅप्टन त्यांच्या घरी जाऊन आला. मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. आई म्हणाली होती, मीच परवानगी दिली होती हो, पोरी गोडीनं करत होत्या. मोठी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. कॅप्टन तिला म्हणाला, तू ये की, जागा तुझीच आहे. तर ती म्हणाली, "मग तिचं काय?" दुसरं काही नाही. "दोनदा विचारलं मी," कॅप्टन म्हणाला. "दोन्ही वेळा तेवढंच." मग त्यानं शिट्टी गळ्यातून काढून खिशात टाकली आणि उरलेले दिवस हातांनीच टाळ्या वाजवून मुलांना बोलावलं.

शेवटच्या रविवारी ऐंशीही जण परीक्षेला आले, कारण परीक्षा देणाऱ्या प्रत्येकाला दप्तर मिळणार होतं. सत्तावीस पुढून तिसऱ्या रांगेत खिडकीशी, अडुसष्ट अगदी मागे दाराशी. नंबरांप्रमाणेच बसवलं होतं मी. मी सुपरवायझर होते, रांगांमधून फिरत होते, आणि त्या दोन बाकांपाशी माझी पावलं आपोआप लांब पडत होती. परीक्षा झाल्यावर दाराशी दप्तरं वाटली. दोघींनी वेगवेगळ्या रंगाची घेतली. नियम मी शिबिरापूर्वीच लिहून ठेवला होता, थंड डोक्यानं, म्हणून तो मोडायचा प्रश्न नव्हता: व्यवस्थेबाहेर गेलेल्यांच्या उत्तरपत्रिका तपासू नयेत. दोन्ही पाकिटात घातल्या. उरलेल्या अठ्ठ्याहत्तर तपासल्या. आलेल्यांची सरासरी एकोणतीस पूर्णांक सहा, न आलेल्यांची एकवीस पूर्णांक तीन. फरक आठ पूर्णांक तीन. मॅडमनी पुन्हा चष्मा काढला. अहवालात शेवटून दुसऱ्या पानावर एक ओळ आहे, माझीच: एका ठिकाणी नियमभंग आढळल्याने दोन नोंदी वगळल्या. शिबिर चालू राहिलं. यंदा म्हणे ते तीन ठिकाणी आहे, आणि आता भावंडांची चिठ्ठी एकच टाकतात. ती दुरुस्ती मी सुचवलेली नाही. कॅप्टनची आहे.

मी का तपासल्या नाहीत? नियम होता, हे उत्तर अहवालापुरतं. अहवाल देऊन झाल्यावर कोणी अडवलं होतं? माझ्या मनात एक भीती होती, ती आज चपलेचा पट्टा लावता लावता मला नीट दिसली. त्यांना कमी गुण मिळाले असतील, तर मी एक शिकणं अर्ध्यावर तोडलं. जास्त मिळाले असतील, तर तेही मीच तोडलं. कुठलाही आकडा मला सोडवणारा नव्हता, आणि जो आकडा आपल्याला सोडवणार नाही तो आपण मोजत नाही, एवढं माझं विज्ञान. नर्सबाईंनी मात्र दीड सेंटिमीटरसाठी मला पुन्हा भिंतीला उभं केलं होतं. दोनदा. दोन्ही वेळा एकशे अठ्ठावन्न पूर्णांक सहा. "आता खात्री झाली," त्या म्हणाल्या होत्या, आणि जुना आकडा न खोडता त्याच्या शेजारी नवा लिहिला होता.

दुपारचे चार. खोलीत उजेड भरपूर आहे. खालच्या गॅरेजमध्ये कोणीतरी टायरवर हातोडी मारतंय, थांबून थांबून. मी टेबल पुसलं, लाल पेन शोधलं, उत्तरांचा नमुना शेजारी ठेवला आणि पाकीट फोडलं. दोन्ही पत्रिकांची घडी मीच घातलेली होती, इतकी नीट की कडा तंतोतंत जुळत होत्या. आधी सत्तावीस. पहिला प्रश्न बरोबर. दुसरा, तिसरा. मोठीचं अक्षर उभं, एकेक शब्द सुटा. दुसऱ्या आठवड्यातला वजनाचा प्रश्न, जो मंगळवारी शिकवला होता, म्हणजे ती तिथे नव्हती त्या दिवशी. बरोबर, आणि कडेला तराजूचं चित्र, ज्यात पारडी मी फळ्यावर काढली तशीच वाकडी. ते चित्र तिला कोणीतरी काढून दाखवलं असणार. मग अडुसष्ट. अक्षर तिरकं, घाईचं. सोमवारचा प्रश्न, बुधवारचा, शुक्रवारचा: बरोबर. घरी बाळाला मांडीवर घेऊन ऐकलेले. मी खुणा करत गेले. दहाव्यापर्यंत लाल पेनानं एकही फुली मारली नव्हती.

अकराव्याला नमुना उत्तर होतं: मोजण्यातली चूक.

सत्तावीसनं लिहिलं होतं, "सोमवारी आणि गुरुवारी उभी राहिलेली मुलगी एकच नाही."

अडुसष्टनं लिहिलं होतं, "गुरुवारची मी."

हातोडीचा आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. मी नमुना उत्तर खोडलं नाही. त्याच्या शेजारी दुसरं लिहिलं. दोघींना दोन-दोन गुण दिले. बारा, तेरा, चौदा, पंधरा तपासले. मग बेरीज केली, आणि ताळा म्हणून खालून वर पुन्हा केली.

सत्तावीस: चाळीसपैकी तीस. अडुसष्ट: चाळीसपैकी तीस. दोन्ही पत्रिकांत प्रश्न सोळा ते वीस कोरे.